तुरुंगातले हस्तलिखित आणि एक ‘जर’

वालचंदनगरच्या माणसाला ‘अणू’ हा शब्द आता परका राहिलेला नाही. शेठ वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर साखर कारखाना उभा केला, तेव्हा तिथे आवाज होता तो उसाच्या चरकांचा. पुढे त्याच गावच्या कारखान्यातून अणुवीज केंद्रांना लागणारी अवजड यंत्रसामग्री आणि अग्निबाणांचे भाग तयार होऊन जाऊ लागले. बारामती-इंदापूरच्या शाळांतली मुले आज अणूचे केंद्रक, इलेक्ट्रॉन वगैरे गोष्टी पाठ्यपुस्तकात मराठीतून वाचतात. पण साठ वर्षांपूर्वी याच विषयावर मराठीत लिहिलेले एक हस्तलिखित मुंबईच्या तुरुंगाच्या दाराशी अडले होते, आणि ते बाहेर येऊ द्यायचे की नाही, एवढ्यासाठी महाराष्ट्र सरकार थेट दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडत गेले होते. ती हकिकत आज तुम्हांला सांगायची आहे. वरवर पाहता मामला एका पुस्तकाचा. पण देशावर संकट आले असता नागरिकाजवळ काय उरते, हा प्रश्न त्यात जितका स्वच्छ उभा राहिला तितका क्वचितच कुठे राहिला असेल.

पुस्तकाचे नाव ‘अणूच्या अंतरंगात’. लेखक प्रभाकर पांडुरंग संझगिरी. हे कम्युनिस्ट कार्यकर्ते. पुढे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे महाराष्ट्रातले पुढारी आणि लेखक म्हणून ते ओळखले गेले. त्यांच्या स्थानबद्धतेचा हुकूम निघाला ७ नोव्हेंबर १९६२ रोजी. ही तारीख जरा ध्यानात घ्या. २० ऑक्टोबरला चीनने आपल्या सरहद्दीवर हल्ला केला. २६ ऑक्टोबरला राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली आणि त्याच दिवशी भारत संरक्षणाचा वटहुकूम निघाला; डिसेंबरात त्याचा कायदा झाला. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. गावोगाव संरक्षण निधी जमत होता, बायाबापड्या अंगावरचे दागिने उतरवून देत होत्या. अशा वेळी चीनबद्दल ज्या पक्षातच दोन मते होती, त्या पक्षाच्या माणसांकडे सरकारने संशयाने पाहिले, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. संकट खोटे नव्हते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नागरी स्वातंत्र्याची कड घेणारे पुष्कळदा संकटच नव्हते असे गृहीत धरून बोलतात, आणि मग त्यांचे म्हणणे ऐकणाऱ्याला पटत नाही.

स्थानबद्ध म्हणजे शिक्षा झालेला कैदी नव्हे, हेही सांगायला हवे. चोराला पकडतात ते त्याने चोरी केली म्हणून. त्याच्यावर खटला चालतो, साक्षीपुरावे होतात. स्थानबद्धाला पकडतात ते तो पुढे काही करील या अंदाजावर. खटला नाही, आरोपपत्र नाही. सरकारची खात्री झाली, एवढे पुरते.

एरवी अशा माणसाला उच्च न्यायालयात दाद मागता येते. घटनेच्या २१व्या कलमाने जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांना संरक्षण दिले आहे. २२व्या कलमाने अटकेबाबत काही बंधने सरकारवर घातली आहेत. पण ३ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपतींनी ३५९व्या कलमाखाली आदेश काढला की, आणीबाणी असेपर्यंत या दोन कलमांतल्या हक्कांसाठी कोर्टात जाता येणार नाही. झाले! दारच बंद झाले, असे कुणालाही वाटेल. तसे पुष्कळांना वाटलेही.

शिक्षक मंडळींनी मात्र तो आदेश व्याकरणाच्या तासाला घ्यावा असा आहे. त्यात एक पोटवाक्य होते. कोर्टाचे दार बंद आहे खरे, पण केव्हा? तर जर त्या माणसाचे हक्क भारत संरक्षण कायद्याखाली किंवा त्यातल्या नियमाखाली, हुकमाखाली काढून घेतले असतील तर. दार बंद, पण या एका ‘जर’वर टांगलेले. पुढची सगळी कथा या ‘जर’ची आहे.

संझगिरी मुंबईच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी हे पुस्तक लिहून काढले. विषय निव्वळ शास्त्राचा: पुंज सिद्धांत, मूलकण आणि त्यांची वागणूक. लिहून झाल्यावर हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवायची परवानगी त्यांनी मागितली. मार्च १९६४ मध्ये सरकारचे पत्र आले: परवानगी नाही. मग आर्थर रोड तुरुंगाच्या अधीक्षकांकडे अर्ज केला. तिथेही नाही. तेव्हा त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात रिट अर्ज केला.

आता सरकारने काय उत्तर द्यावे? ‘या पुस्तकाने देशाच्या संरक्षणाला धोका आहे’ असे सरकारने म्हटलेच नाही! प्रतिज्ञापत्रात म्हणणे एवढेच की, स्थानबद्धाला पुस्तक छापू देण्याचे बंधन कायद्याने आमच्यावर घातलेले नाही. स्थानबद्धांना कसे ठेवावे याबद्दल १९५१ सालचा मुंबई सरकारचा एक हुकूम होता. भेटी किती, पत्रे किती, असे सगळे त्यात होते. पुस्तक लिहून बाहेर पाठवण्याची सवलत त्यात कुठे लिहिलेली नाही; म्हणून ती नाही. न्यायालयाला उलट दिसले ते असे की, पुस्तक बाहेर पाठवू नये अशी मनाईही त्यात कुठे लिहिलेली नाही. पुस्तक लोकहिताला बाधक नाही असा निर्वाळा देऊन उच्च न्यायालयाने हस्तलिखित बाहेर जाऊ द्या असे सांगितले.

इथे प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण सरकारने अपील केले. का केले असेल? माझा तर्क असा की, त्या पुस्तकाशी सरकारला काही कर्तव्य नव्हते. धास्ती होती तत्त्वाची. आज पुस्तक, उद्या आणखी काही. सरकारी वकिलांनी दिल्लीत मांडलेला मुद्दा त्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. माणूस एकदा स्थानबद्ध झाला की त्याचे स्वातंत्र्य संपले. त्यानंतर हुकमाने जेवढ्या सवलती दिल्या असतील तेवढ्याच त्याच्या. म्हणजे पाटी एकदा कोरी झाली, आता सरकार तिच्यावर लिहील तेवढेच अक्षर खरे.

न्यायमूर्ती के. सुब्बाराव यांनी हे म्हणणे नाकारले. त्यांनी हिशेब उलट बाजूने मांडला. पाटी कोरी होत नाही. माणसाचे स्वातंत्र्य त्याच्याजवळच असते. स्थानबद्धतेचा हुकूम आणि त्याच्या अटी त्यातून जेवढे काढून घेतात तेवढेच जाते, बाकीचे शिल्लक राहते. १९५१ च्या हुकमातल्या अटी या सवलतींची यादी नसून निर्बंधांची यादी आहे. सरकारचे म्हणणे खरे मानले, तर त्यातून काय निघेल तेही त्यांनी दाखवून दिले: अटींमध्ये जेवण देण्याचे कलम नसले, तर स्थानबद्धाला उपाशी मारले तरी चालेल! शाळेच्या नियमावलीत ‘मुलांनी श्वास घ्यावा’ असे कुणी लिहीत नाही. म्हणून श्वास घेणे ही काही मुख्याध्यापकांनी दिलेली सवलत ठरत नाही. हे उदाहरण माझे, न्यायालयाचे नव्हे; पण मुद्दा तोच.

मग तो ‘जर’ कामाला आला. राष्ट्रपतींच्या आदेशाने दार बंद होते ते संरक्षण कायद्याच्या नियमाखाली हक्क गेला असेल तर. पुस्तक अडवायला नियम कुठला? दाखवा. दाखवता येईना. मग ती अडवणूक नियमाखालची नव्हे, नुसतीच अडवणूक. आणि अशा अडवणुकीविरुद्ध कोर्टाचे दार उघडे. अपील फेटाळले गेले.

निकालाची तारीख होती ६ सप्टेंबर १९६५. त्या दिवशी आपल्या फौजा पंजाबात आंतरराष्ट्रीय सरहद्द ओलांडून लाहोरच्या रोखाने निघाल्या होत्या. एकीकडे रणगाडे चालले होते आणि दुसरीकडे तुरुंगातल्या एका संशयित माणसाचे पुस्तक बाहेर जाऊ द्या असे न्यायालय सरकारला सांगत होते. यामुळे लढाईत आपले काही अडले नाही. संझगिरी त्या निकालाने सुटले नाहीत हेही खरे. त्यांच्या स्थानबद्धतेला न्यायालयाने हातच लावला नव्हता. सुटले ते फक्त हस्तलिखित.

या तुरुंगाच्या दाराचा इतिहास आपल्या पुणे जिल्ह्याला जुना आहे. २२ जून १८९७ ला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. पुढच्याच महिन्यात इंग्रज सरकारने पुण्याचे सरदार नातू बंधू यांना उचलले. लोकमान्य टिळकांवर निदान खटला तरी चालला, ज्यूरी बसली, शिक्षा झाली. नातू बंधूंवर खटलाच नाही. १८२७ सालचा मुंबईचा एक जुना रेग्युलेशन होता, पंचविसावा. तो शोधून काढून त्यांना कोंडून ठेवले आणि त्यांची मालमत्ताही जप्त केली. सत्तर वर्षांचे गंजलेले हत्यार, पण चालले! तेव्हा विचारायला मूलभूत हक्कही नव्हते आणि घटनाही नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात केशव तळपदे यांना मुंबई सरकारने भारत संरक्षण नियमांतल्या २६व्या नियमाखाली स्थानबद्ध केले. त्यांचे प्रकरण एप्रिल १९४३ मध्ये फेडरल कोर्टापुढे गेले. मुख्य न्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांनी पाहिले की, मूळ कायद्याने अधिकार दिला होता तो वाजवी संशय असलेल्या माणसाला स्थानबद्ध करण्याचा. नियमात मात्र सरकारची खात्री पटली की पुरे, असे लिहिले होते. वाजवी संशय आणि सरकारची खात्री या एकच गोष्टी नव्हेत. नियम कायद्याच्या बाहेर गेला, म्हणून तो अवैध! ‘छोडो भारत’ची चळवळ ताजी असताना इंग्रजांच्याच न्यायाधीशाने हे म्हणावे याचे आजही कौतुक वाटते. सरकारने आठवड्याच्या आत वटहुकूम काढून ते भोक बुजवले, ही गोष्ट निराळी. इंग्लंडात थोडे आधी, १९४१ साली, लिव्हरसिज खटल्यात हाच प्रश्न आला होता, आणि तिथल्या बहुसंख्य न्यायाधीशांनी मंत्र्याला जे वाटते ते वाजवीच, असे मानले. एकटे लॉर्ड ॲटकिन विरुद्ध गेले.

पारतंत्र्यात ज्यांनी हे सोसले तेच घटना लिहायला बसले होते, तरी हे हत्यार त्यांनी मोडले नाही. फाळणीचे रक्त सुकले नव्हते, तेलंगणात सशस्त्र लढा चालू होता. ३२वे कलम, म्हणजे दाद मागण्याचा हक्क, हा घटनेचा आत्मा आहे असे डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत सांगितले होते. आणि तरीही आणीबाणीत तोच हक्क स्थगित करण्याची तरतूद घटनेत आली. मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद ह. वि. कामत यांनी ऑगस्ट १९४९ मध्ये त्या तरतुदीला कडाडून विरोध केला. तो चालला नाही. मला वाटते, त्या घटकेला दोघांचेही बरोबर होते. राज्यच राहिले नाही तर हक्क कुठे राहतील, हे आंबेडकरांच्या बाजूचे. आणि असा अधिकार उद्या कुणाच्या हाती जाईल कुणी सांगावे, हे कामतांच्या बाजूचे.

त्या ‘उद्या’चे उत्तर १९७५ ला मिळाले.

२५ जूनच्या रात्री अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणी आली. येरवडा, नाशिकरोड, ठाणे येथले तुरुंग ‘मिसा’च्या स्थानबद्धांनी भरले. २७ जूनला राष्ट्रपतींचा आदेश निघाला. तो १९६२ च्या आदेशाशेजारी ठेवून वाचा. १४, २१, २२ ही कलमे आहेत. कोर्टाचे दार बंद आहे. आणि तो ‘जर’? तो गळला आहे. अमक्या कायद्याखाली हक्क गेला असेल तर, असे काही उरलेच नाही. दार बंद म्हणजे बंद.

तरी देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी हुकूम कायद्याप्रमाणे निघाला की नाही एवढे आम्ही पाहू, असे म्हटले. त्यांत मुंबईचे होते. नागरी स्वातंत्र्य या विषयावर वकिलांची बंद दाराआडची सभा मुंबईत भरायची होती, तिला पोलीस आयुक्तांनी मनाई केली. ती मनाईही याच उच्च न्यायालयाने रद्द केली. पण २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने नऊही उच्च न्यायालयांना चूक ठरवले. साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी १९६३ साली माखनसिंग खटल्याच्या निकालात लिहिले होते की, हुकूम दुष्ट हेतूने काढला असेल किंवा कायदा सोडून असेल, तर आणीबाणीतही दाद मागता येते. त्याचे काय? बहुमताने सांगितले, तो आदेश सशर्त होता, हा बिनशर्त आहे. एक ‘जर’ काढला आणि हजारो माणसांचे दार लागले. १९७७ साली तर महाराष्ट्रातल्याच काही स्थानबद्धांना तुरुंगातल्या वागणुकीबाबत मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या सोयी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या. संझगिरींचे हस्तलिखित ज्या फटीतून बाहेर आले होते ती फटही बुजली.

चार न्यायमूर्तींत एक होते यशवंतराव चंद्रचूड, पुण्यात जन्मलेले; घराणे खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे. विरुद्ध मत देणारे एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. त्यांचे म्हणणे असे की, जीवित आणि स्वातंत्र्य ही काही २१व्या कलमाने दिलेली देणगी नव्हे. कायद्याशिवाय माणसाचा जीव घेता येत नाही हे घटनेच्या आधीपासूनचे आहे. पाटी कोरी होत नाही, असे जे सुब्बारावांनी पुस्तकाच्या बाबतीत म्हटले, त्याचाच हा मोठा भाऊ. खन्नांना त्याची किंमत मोजावी लागली. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश नेमले आणि त्यांनी राजीनामा दिला.

पुढे ४४व्या घटनादुरुस्तीने ३५९व्या कलमात फरक केला. आता आणीबाणीतही २०व्या आणि २१व्या कलमासाठी कोर्टात जाण्याचा हक्क स्थगित करता येत नाही. आणि नुसत्या अंतर्गत अशांततेवरून आणीबाणी लावता येत नाही, सशस्त्र बंड असावे लागते. पूर्वी राष्ट्रपतींच्या आदेशात एक ‘जर’ असेल-नसेल यावर जे अवलंबून होते ते घटनेतच लिहिले गेले. जबलपूरचा निकाल मात्र कागदावर तसाच होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो रद्द ठरवला, आणि चौघांच्या वतीने ते लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे चिरंजीव.

श्रोतेहो, तुम्ही म्हणाल, हे सगळे चीन, लाहोर, आणीबाणी. आमच्या तालुक्याशी याचा काय संबंध? संबंध आहे. महाराष्ट्रात १९८१ पासून एक कायदा आहे, त्याला सगळे ‘एमपीडीए’ म्हणतात. हातभट्टीवाले, धोकादायक गुंड, आणि पुढच्या दुरुस्त्यांनी वाळूतस्करसुद्धा, यांना खटल्याशिवाय वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येते. उजनीच्या फुगवट्यावर आणि भीमेच्या पात्रात काय चालते ते इंदापूरकरांना मी सांगायला नको. अशा माणसाला आत टाकले की गावाला हायसे वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. पण हुकूम काढताना कोणता शब्द वापरला, तो शब्द तिथे लागू पडतो का, हे कोर्ट आजही पाहते. संझगिरींच्या निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, ७ सप्टेंबर १९६५ रोजी, डॉ. राममनोहर लोहियांना सर्वोच्च न्यायालयाने सोडले ते एवढ्यावरच. नियमात सार्वजनिक सुव्यवस्था हे कारण होते. पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने लिहिले होते कायदा आणि सुव्यवस्था. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी समजावून दिले की ही एकात एक अशी तीन वर्तुळे आहेत. सगळ्यांत मोठे कायदा आणि सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि अगदी आतले, लहानसे, राज्याच्या सुरक्षिततेचे. नीरा डाव्या कालव्यावर पाणीपाळीवरून दोन शेजाऱ्यांत काठ्या चालल्या तर तो पहिल्या वर्तुळातला गुन्हा. त्याला खटला आहे, शिक्षा आहे. त्यासाठी स्थानबद्धता नाही.

शिक्षकांसाठी आणखी एक प्रकरण सांगतो, तेही आपल्या राज्यातले. नागपूरच्या एका माणसाला स्थानबद्ध केले आणि त्याची कारणे त्याला इंग्रजीत दिली. त्याला येत होती हिंदी. पोलीस अधिकाऱ्याने तोंडी समजावून सांगितले. पण त्याने हिंदीतला कागद मागितला, आणि इंग्रजी हीच राज्याची कामकाजाची भाषा आहे म्हणून तो नाकारला गेला. १९६२ च्या जानेवारीत, चिनी हल्ल्याच्या नऊ महिने आधी, सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कारणे कळवणे म्हणजे ज्याला कळवायची त्याला कळतील अशा भाषेत आणि लेखी देणे. एरवी तो आपले निवेदन लिहिणार कशाच्या आधारावर? माणूस सुटला. तेव्हापासून महाराष्ट्रात स्थानबद्धतेचा हुकूम बजावताना कारणांचा कागद मराठीत, किंवा ज्याची जी भाषा असेल तीत, सोबत द्यावा लागतो; आणि तो दिला नाही, किंवा अर्धाच दिला, एवढ्या एका गोष्टीवर हुकूम रद्द होऊ शकतो.